दसऱ्यानंतरचं गाव आणि धंद्याचं आयुष्य

(बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. शेवटच्या प्रश्नोत्तरांतला एकच प्रश्न ठेवला आहे.)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

मघाशी माझी ओळख करून देताना ‘अर्थतज्ज्ञ’ असा शब्द वापरला गेला. तो मागं घ्या. मी एकतीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आणि एक डाळ मिल बुडवली. मिल भावाची होती, पण निम्मे पैसे माझे होते आणि सल्ला तर सगळाच माझा होता. आज जे बोलणार आहे, त्यातलं बरंचसं मला पुस्तकांत सापडलं नव्हतं, त्या मिलमध्ये सापडलं.

सुरुवात एका गाळ्यापासून करू. आमच्या गावच्या बसस्टँडसमोर दहा बाय बाराचा एक गाळा आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा तिथं पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ होतं. ते गेलं आणि मोबाईल रिचार्ज अन् दुरुस्ती आली. मग चायनीज आलं, ते दोन पावसाळे टिकलं. मग झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, ‘पीकविमा भरून मिळेल’. सध्या तिथं चहा आहे, मातीच्या कपातला. दर वेळी नवा पोरगा डिपॉझिट भरतो, फर्निचर करतो, नारळ फोडतो, आमदारांना फीत कापायला बोलावतो. इतक्या वर्षांत त्या गाळ्यातून न चुकता कमावलं ते दोघांनीच, गाळ्याच्या मालकानं आणि सुतारानं.

त्या पोरांपैकी दोघं माझे विद्यार्थी. एकाला मी विचारलं, बाबा, चायनीजच का? तो म्हणाला, “सर, बसून तरी काय करावं?” या उत्तरात आपल्याकडच्या नव्या धंद्यांचं निम्मं अर्थशास्त्र आलं. त्याला चायनीजमध्ये संधी दिसली म्हणून तो उतरला नव्हता. भरतीच्या परीक्षा देऊन वय निघून गेलं होतं, लग्नाचं बघत होते, आणि मुलीकडचे ‘मुलगा काय करतो’ म्हणून विचारत होते. पाटीवर नाव असणं ही त्याची गरज होती.

१६ जानेवारी २०१६ ला केंद्र सरकारनं स्टार्टअप इंडिया सुरू केलं, तेव्हापासून कॉलेजांत या विषयावर पोस्टर स्पर्धा होतात. मी परीक्षक म्हणून जातो. पोरं रॉकेट काढतात, बल्ब काढतात. पण धंदा सुरू करायला आपल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही हो. सहावी आर्थिक गणना २०१३-१४ ची. पिकांची शेती सोडून देशात तेव्हा ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या. त्यातल्या साठ टक्क्यांच्या आसपास खेड्यांत. काम करणारी माणसं १३ कोटी १३ लाख. भागाकार करा, एका आस्थापनेत सव्वादोन माणसं येतात. शंभरातल्या ७२ ठिकाणी पगारावर ठेवलेला माणूस एकही नाही. नवरा, बायको, शाळेतून आल्यावर बसणारं लेकरू, झाली आस्थापना.

आता हे धंदे टिकतात किती? अमेरिकेत सरकारी आकडेवारी ठेवतात, त्यात दिसतं की नव्या आस्थापनांपैकी साधारण वीस टक्के पहिल्याच वर्षात बंद होतात आणि पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या. आपल्यासारख्या देशांचं काय, हे डेव्हिड मॅकेंझी आणि ॲना पाफहाउझेन या दोघांनी पाहिलं. बारा विकसनशील देशांतल्या चौदा हजारांवर छोट्या धंद्यांचा माग काढला. पहिल्या पाच वर्षांत बंद पडण्याचं प्रमाण वर्षाला सरासरी ८.३ टक्के निघालं. म्हणजे पाच वर्षांत शंभरातले पस्तीस गेले, पासष्ट उरले. वर्गात हे सांगितलं की एखादा हुशार मुलगा हात वर करायचाच: सर, म्हणजे गरीब देशातले दुकानदार अमेरिकेपेक्षा भारी?

भारी नाहीत. माळवदाच्या घराची पुढची खोली काढून टाकलेलं किराणा दुकान डोळ्यांपुढं आणा. भाडं नाही. बाई चुलीवर भाजी टाकते, गिऱ्हाईक आलं की हात पुसत पुढं येते, पाच रुपयांची चहापत्ती देते, परत जाते. सकाळी सहा ते रात्री दहा. तिच्या सोळा तासांची रोजंदारी वहीत कुठं लिहिलेली नाही. ती लिहिली तर दुकान पहिल्या दिवसापासून तोट्यात आहे. लिहीत नाहीत, म्हणून ते मरत नाही. तुम्ही विचारता, “कसं काय चाललंय?” तो म्हणतो, “चालू आहे.” चालणं आणि चालू असणं यांतला फरक ज्याला कळला त्याला आकडेवारी वाचता आली, असं मी मुलांना सांगायचो.

बंद पडण्याचेही प्रकार असतात. संभाजीनगरची निर्लेप १९६८ ची, मराठी घराघरांतल्या तव्याचं नावच झालं होतं ते. २०१८ साली ती बजाज इलेक्ट्रिकल्सनं घेतली. एका उद्योजकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेलेल्या अशा धंद्याला मोडलेला धंदा कसं म्हणणार? आणि बसस्टँडसमोरचं चायनीज मोडलं तेव्हा मागं राहिलं काय, तर एक गंजलेली भट्टी आणि सोन्यावरचं कर्ज.

बोयान जोव्हानोविक नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९८२ मध्ये एक साधी गोष्ट गणितात मांडली. धंद्यात उतरणाऱ्याला आपण त्या कामात किती तरबेज आहोत हे आधी माहीत नसतं. ते धंदा करूनच कळतं. ज्याला कळतं की आपल्याला जमतंय, तो वाढवतो. नाही जमत, तो बंद करतो. तेव्हा बंद करणं हे एका प्रश्नाचं उत्तर आहे, त्यात लाज कसली. मला हे फार पटतं. पण त्यांच्या गणितात बंद करणारा माणूस निमूट घरी जातो. आपल्याकडं तसं जाता येत नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेचं अनुदान घ्या. खेड्यात खुल्या गटाला प्रकल्पाच्या पंचवीस टक्के, महिला, मागासवर्गीय वगैरे विशेष गटांना पस्तीस टक्के. चांगली योजना आहे. पण ते अनुदान तीन वर्षं बँकेत मुदतठेवीसारखं अडकून राहतं आणि युनिट चालू आहे असं दिसल्यावरच कर्जात वळतं. हेतू चांगलाच आहे, पैसे घेऊन कुणी पळू नये. होतं काय, की पहिल्या सहा महिन्यांत ज्याला कळलं आपल्याला हे जमत नाही, तोही तीन वर्षं पाटी उतरवत नाही. तपासणीला साहेब यायच्या दिवशी मशीन पुसून ठेवतो. अशी धुळीनं भरलेली शेवयांची मशीनं मी स्वतः पाहिली आहेत. तीन वर्षं अन् वर दोन-चार महिने झाले की पाटी जाते. कागदावर टिकाव उत्तम!

बरं, जे खरोखर टिकतात ते वाढतात का? चांग-ताय शेह आणि पीटर क्लेनो यांनी २०१४ मध्ये अमेरिका, मेक्सिको आणि भारतातल्या कारखान्यांची वयं ताडून पाहिली. अमेरिकेत चाळीस वर्षं जुना कारखाना पाच वर्षांच्या आतल्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त माणसं कामाला ठेवतो. भारतात आणि मेक्सिकोत तेवढ्याच वयात जेमतेम दुप्पट. आपला कारखाना म्हातारा होतो, मोठा होत नाही.

का होत नाही? बँकवाल्यांना विचारा, ते म्हणतात तारण नाही. एमआयडीसीतले म्हणतात कुशल कामगार नाही. पुढारी म्हणतात पाणी नाही, आणि पाण्याचं तर खोटं कसं म्हणावं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण मला त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट तुमच्यापुढं ठेवायची आहे, आणि ती बघायला ताळेबंदाआधी कालनिर्णय लागतं.

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांतून ऊसतोडीला ट्रक सुटतात. वर संसार, शेळी, कोंबड्यांचा खुराडा, त्यावर लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, परततात ते पाडव्याच्या आगंमागं. हे तुम्हाला मी काय सांगावं, या सभागृहातल्या कितीतरी जणांचं बालपण कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, गेलं असेल. मला फक्त त्यातला व्यवहार बघायचा आहे. हा मजूर दसऱ्याला जातो खरा, पण विकला गेलेला असतो आषाढ-श्रावणातच. मुकादम, म्हणजे मजुरांचा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो, त्या दिवशी.

साधा हिशेब मांडू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला साधारण ३६६ रुपये झाले. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोनं, दिवसाला दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, गाडी भरून दिली, तर ७३२ रुपये. लाखाची उचल घेतली असेल तर ती फेडायला १३७ दिवस लागतात. एकही खाडा न करता, एकाही दिवशी बाई आजारी न पडता. कारखान्यांची गाळपाची ताकद वाढली आहे, हार्वेस्टर आले आहेत. हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर उचलीतले सव्वीस हजार आठशे फिटायचे राहतात. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून जे येतं त्यात आठवड्याचा बाजार भागतो. राहिलेल्या रकमेला ‘बाकी’ म्हणतात, आणि बाकी म्हणजे पुढच्या दसऱ्याचं तिकीट.

आता दुसरीकडं रोजगार हमी बघा. या योजनेची जन्मकथा आपल्या राज्याची आहे, वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा कायदा. माझ्या पिढीला खडी फोडणं आठवतं, सुकडी आठवते. केंद्राच्या योजनेचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर होता दिवसाला ३१२ रुपये. दोघांचे ६२४. तिकडं ७३२, पहाटे चारपासून रात्री गाडी भरेपर्यंत, परक्या मुलखात, कोपीत. इकडं ६२४, गावात, उजेडाच्या वेळेत. दर बघितला तर शहाण्या माणसानं गावातच राहावं. तरी ट्रक सुटतात. मी बरीच वर्षं हे कोडं दराच्या बाजूनं सोडवत बसलो होतो. मग एका मावशींनी मला एका वाक्यात समजावलं. म्हणाल्या, “सर, रोजगार हमी काम झाल्यावर देती, मुकादम कामाच्या आधी देतो. पोरीचं लगीन मस्टर निघंपर्यंत थांबंल का?”

थांबत नाही. दवाखाना थांबत नाही, बोअर थांबत नाही. मजुराला लागणाऱ्या वस्तू दोन आहेत, रोजची मजुरी आणि एकरकमी पैसा. मुकादमाकडं दोन्ही एकाच दुकानात मिळतात. आपल्या भागातली सगळ्यात मोठी, विनातारण, घरपोच कर्ज देणारी संस्था कोणती असेल तर ती मुकादम. तारण एकच, माणूस.

आता या गावात धंदा काढणाऱ्याच्या जागी उभं राहा. आर्थर लुईस यांनी १९५४ साली लिहिलं की गरीब देशांत शेतीवर जास्तीचा मजूर असतो, उद्योगाला तो जवळपास ठरावीक मजुरीवर हवा तेवढा मिळत जातो. पुढं त्यांना नोबेल मिळालं. आमच्याकडं तो हवा तेवढा मिळतो दसऱ्यापर्यंत. त्यानंतर गावात म्हातारी माणसं, आणि आजीजवळ शाळेसाठी ठेवलेली लेकरं. दुकानदाराची उधारीची वही बघा, पानोपानी एकच शेरा: ‘कारखान्यावरून आल्यावर’. पाच महिने गिऱ्हाईक नाही. दुकानदाराला मात्र मोंढ्यातला ठोक व्यापारी पंधरा दिवसांच्या वर थांबू देत नाही. छोट्या पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. वाडीतल्या किराणा दुकानदाराला कोयत्यानं ४५ दिवसांत पैसे द्यावेत, असं सांगणारा कायदा कुणी करणार आहे का? त्याचं खेळतं भांडवल साखर कारखान्याच्या गव्हाणीत अडकलेलं असतं.

आता आमच्या मिलची गोष्ट. २०१५ च्या दिवाळीत तूरडाळ किलोला दोनशेपर्यंत गेली होती. त्या भावानं आम्हाला भुलवलं. आम्हालाच कशाला, अख्ख्या महाराष्ट्राला. शेतकऱ्यानं तूर पेरली, आम्ही मिल टाकली. २०१६ च्या दसऱ्याला पूजा केली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या मिनी डाळ मिलच्या धर्तीचं मशीन, शेड, मोटर. चढ्या भावाची जुनी तूर भरली. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, मोंढा ठप्प. जानेवारीत नवी तूर आली ती पुरासारखी. सरकारनं बोनस धरून हमीभाव ५,०५० ठेवला होता, बाजार त्याच्या खूप खाली गेला, खरेदी केंद्रांवर बारदाना संपला. चढ्या भावाच्या तुरीची डाळ आम्ही पडत्या भावात विकली. लोक म्हणतात, मिल त्यानं बुडाली. मीही दोन वर्षं तेच सांगत होतो.

पण वही परत काढून बघितली तेव्हा दुसरंच दिसलं. डाळ करणं म्हणजे नुसती मशीनची धडधड नसते. तूर आधी रोलरवर घासायची, तेल चोळायचं, रातभर ठेवायची, पाणी मारायचं, दोन-तीन दिवस उन्हात पसरायची, वरचेवर पाय ओढत फिरवायची, मग भरडायची, चाळायची, परत घालायची. क्विंटलमागं सत्तरएक किलो डाळ, बाकी चुनी अन् फोलपट. वाळवण आणि फिरवण सगळी माणसांची. आणि तूर निघते कधी, तर पौष-माघात. त्या वेळी गावात माणूस नाही! आमच्याकडं पाच जण लागायचे, मिळायचे दोन, तेही साठीतले. भावानं जास्त रोज देऊन बघितला. एक तरणा गडी आला, आठ दिवसांनी म्हणाला, “दादा, उचल द्या, मग तुमच्याकडंच राहतो.” पन्नास हजार मागत होता. तो जास्त मागत नव्हता, बाजारभावच सांगत होता. पण भावाला पन्नास हजार द्यायचे म्हणजे तेवढी तूर कमी घ्यावी लागणार. बँकेनं मशीनला कर्ज दिलं, शेडला दिलं. तूर भरायला आणि माणूस बांधायला लागतो तो पैसा मागितला तेव्हा मॅनेजर म्हणाले, प्रकल्प अहवालात ही बाब दाखवलेली नाही. अहवाल कुणी लिहिला होता? मी. ‘स्थानिक मजूर मुबलक उपलब्ध’ हे वाक्य माझं आहे. एकतीस वर्षं लुईस शिकवल्याचा परिणाम.

मोठा मिलवाला यातून कसा सुटतो? लातूरच्या मिलवाल्याकडं ड्रायर आहे, ऊन लागत नाही. हमाल-मापाडी बारमाही आहेत. माघात माल भरून श्रावणात विकायची ऐपत आहे. छोट्याला तीन महिन्यांत खरेदी, तीन महिन्यांत विक्री, आणि बँकेचा हप्ता मात्र बारा महिने. 

कर्जाचा आणि मजुरीचा संबंध किती आतून असतो याचं एक उदाहरण आपल्या शेजारचं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेश सरकारनं वटहुकूम काढला आणि मायक्रोफायनान्स कंपन्यांची तिथली वसुली जवळपास बंद पडली. ज्या कंपन्यांचे पैसे आंध्रात अडकले, त्यांनी बाकीच्या राज्यांतही कर्ज देणं आखडलं. एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन यांनी याचा मागोवा घेतला, तो २०२१ मध्ये छापून आला. आंध्रशी काही देणंघेणं नसलेल्या दूरच्या जिल्ह्यांतही, जिथं या कंपन्यांचा पसारा मोठा होता तिथं, रोजंदारीवरच्या मजुरांची मजुरी घसरली. ज्या मजुरानं कधी कर्जाला हात लावला नाही, त्याचा रोज कमी झाला. कारण गिरणीवाल्यानं गडी कमी केला, हॉटेलवालीनं भांडीवाली कमी केली, आणि गावातला बाजारहाट रोडावला. मी त्या कंपन्यांची वकिली करत नाही, त्यांच्या वसुलीच्या तऱ्हा मला माहीत आहेत. पण कर्ज हा फक्त घेणाऱ्याचा मामला नसतो, एवढं त्यातून दिसतं.

मग आपल्याकडं काहीच उभं राहिलं नाही का? राहिलं की. जालना घ्या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली, १९९८ ला त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आज जालना म्हटलं की बियाणं. त्यांची दूरदृष्टी वगैरे तुम्ही ऐकलेलीच आहे, मी त्यातल्या मजुरीकडं बोट दाखवतो. संकरित कपाशीचं बी हातानं तयार होतं. संध्याकाळी बाई उद्या उमलणारी कळी हेरते, नखानं तिचे पुंकेसर काढून टाकते, खूण करते. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचे पराग त्यावर टेकवते. एकेका फुलाला दोनदा हात. हे काम चालतं श्रावण-भाद्रपदापासून आश्विनापर्यंत. म्हणजे ट्रक सुटायच्या आधी. ज्या हंगामात आपला मजूर गावात असतो, नेमका त्याच हंगामात या धंद्याला मजूर लागतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही, कपाशी तेव्हाच फुलते. पण मिलला जे नडलं ते बियाण्याला नडलं नाही. जालन्याच्याच स्टील मिलमध्ये मात्र बिहारचा माणूस दिसतो आणि आपला माणूस कोल्हापूरला ऊस तोडतो, याचं अनेकांना नवल वाटतं. स्टीलच्या भट्टीला बारमाही माणूस लागतो. आपल्या माणसाला दोन एकर कोरडवाहू आहे, त्याला मृगाला पेरायला घरी यायचंय. कोयता त्याला येऊ देतो, भट्टी देत नाही. आळशीपणाचा आरोप करणाऱ्यांनी एकदा भट्टीसमोर आणि एकदा फडात उभं राहून बघावं.

दुसरं उदाहरण भूम तालुक्यातल्या खव्याचं. कुंथलगिरीच्या बाजूला जा, भट्ट्याच भट्ट्या. म्हशीचं पाचएक लिटर दूध आटवलं की किलोभर खवा होतो. दूध रोज येतं, खवा रोज जातो, पुण्या-मुंबईपर्यंत. दूधवाल्याला आठवड्याला पैसे. कोठारात माल अडकत नाही, त्यामुळं माघात भरून श्रावणात विकायची भानगड नाही. आणि ज्याच्या गोठ्यात दुभती म्हैस आहे तो सहसा ऊसतोडीच्या टोळीत जात नाही, धार कोण काढणार? म्हशीनं माणूस गावात बांधून ठेवला, ते काम आमच्या प्रकल्प अहवालाला जमलं नाही. भट्टीवाल्यांपैकी फार कुणी मोठा उद्योगपती झाला असं नाही. सरपणाचा धूर आहे, सणासुदीला भेसळीचा संशय येतो आणि भाव पडतो. पण पाच महिने शटर ओढून बसावं लागत नाही.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळाकडं बघताहेत. एखादा प्रश्न घेऊ. हां, त्या मागच्या ताई.

(प्रश्न: सर, तुमच्या त्या मिलचं पुढं काय झालं?)

मिल विकली. भंगारवाल्यानं मोटरची चांगली किंमत लावली होती, पण भावाची मशीन तोडायची इच्छा नव्हती. चार किलोमीटरवरच्या वाडीतल्या बायकांच्या बचत गटानं हप्त्यानं घेतली. आम्ही जे करायला गेलो ते त्या करत नाहीत. तूर विकतच घेत नाहीत. शेतकरी आपली तूर आणतो, किलोमागं भरडाई देतो, डाळ घेऊन जातो. चुनी गटाला राहते, ती म्हशींना जाते. खेळतं भांडवल शून्य, भाव पडला तर शेतकऱ्याचा पडतो. माणसाचा प्रश्न त्यांनी असा सोडवला की पौष-माघात लोकांकडून तूर नुसती घासून, तेल लावून ठेवून घेतात, आणि वाळवण-भरड चैत्र-वैशाखात काढतात, ऊनही कडक आणि टोळ्याही परतलेल्या. लोकांना वर्षाची डाळ त्याच सुमारास लागते. मी अहवाल लिहिताना हे मला का सुचलं नाही, माहीत नाही.

सोनं झालं असं समजू नका. गेल्या वर्षी वळवाच्या पावसात गच्चीवर पसरलेली तूर भिजली, बुरशी आली, दोन शेतकऱ्यांशी भांडणं झाली, भरपाईत बराचसा हंगाम गेला. गटात काम करणाऱ्या तिघी आहेत. दोघींनी ऊसतोड सोडली. तिसरीच्या घरी बाकी आहे, ती नवऱ्याबरोबर अजून जाते. पाडव्याला परत आली की हातपाय धुऊन दुसऱ्या दिवशी मिलवर येते, आणि तिचा वाटा बाकीच्या दोघींइतका धरायचा की पाच महिन्यांचा कापायचा, यावर त्यांच्या बैठकीत दरवर्षी वाद होतो. मागच्या महिन्यात त्यांनी मला हिशेब करून द्यायला बोलावलं होतं. मी म्हटलं, तुमचं तुम्हीच ठरवा, मी एकदा अहवाल लिहिलेला आहे.